नऊ घनमीटरांचं हवामान

जानेवारीतल्या एखाद्या निरभ्र रात्रीनंतर, पहाटे, इंग्लंडमधल्या कुठल्याही परसातल्या साध्या लाकडी शेडचं दार उघडावं आणि आधी वर छताकडे पाहावं. छतावर डांबरी फेल्ट बसवताना ठोकलेल्या खिळ्यांची टोकं फळ्यांतून आत डोकावत असतात. त्या प्रत्येक टोकावर पाण्याचा एकेक थेंब लोंबत असतो. फेल्ट कुठे फाटलेलं नाही, फळ्या हाताला कोरड्या लागतात, रात्री पाऊसही पडलेला नाही. तरी जिथे खिळा तिथे थेंब, ओळीनं, एकही खिळा न चुकवता. थंडी आणखी कडक असली तर थेंबाऐवजी टोकावर बर्फाची बारीक पांढरी टोपी बसलेली दिसते.

छप्पर गळतंय असं समजून पुष्कळ जण वर फेल्टचा आणखी एक थर चढवतात. त्यानं काहीच साधत नाही, कारण ते पाणी वरून आलेलं नसतं. ते आतल्या हवेतलंच असतं. स्वच्छ आकाशाखाली छप्पर रात्रभर आपली उष्णता थेट आकाशाकडे टाकत राहतं. ढग असते तर त्यांनी त्यातली बरीचशी परत खाली धाडली असती. ढग नसले की छताचा वरचा पृष्ठभाग भोवतालच्या हवेपेक्षाही काही अंशांनी गार होतो. गवतावर दव पडतं तेही याच कारणानं. आता खिळा पोलादी. पाइनच्या लाकडापेक्षा पोलादातून उष्णता जवळपास चारशे पट सहज वाहते. त्यामुळे फळीची आतली बाजू अजून बरी असताना खिळ्याचं टोक मात्र पार गारठलेलं असतं. शेडमधल्या बाष्पाला सगळ्यात थंड जागा सापडते ती नेमकी तिथे, आणि तिथेच ते पाणी होऊन बसतं.

परसातली शेड ही आराम करायची, छंद जोपासायची जागा कशी होते, हे समजून घ्यायला या थेंबापासून सुरुवात करावी असं मला वाटतं. रंग, पडदे, खुर्ची, फळ्यांची कपाटं हे सगळं पुढचं. आधी हवा आणि पाणी यांचं काय चाललंय ते कळलं पाहिजे.

ब्रिटनमधली नेहमीची शेड असते ८ फूट लांब आणि ६ फूट रुंद. भिंती म्हणजे अर्ध्या इंचाच्या आसपास जाडीच्या फळ्या, एकीची कड दुसरीवर चढवलेली किंवा एकीची जीभ दुसरीच्या खाचेत बसवलेली. त्या तशा बसवण्यामागेही हवाच आहे: लाकूड दमट दिवसात फुगतं, कोरड्या दिवसात आकसतं, आणि फळ्या नुसत्या शेजारी-शेजारी ठोकल्या तर उन्हाळ्यात त्यांच्यामधून उजेड दिसायला लागेल. आतमध्ये गवत कापायचं यंत्र, फावडी, कुंड्या, रंगाचे जुने डबे. छताची उंची आणि हद्दीपासूनचं अंतर यांचे नियम पाळले तर एवढ्या शेडला इंग्लंडमध्ये सहसा वेगळी परवानगी लागत नाही. त्यामुळे एकेका गल्लीत घरामागून घर पाहत गेलं तर परसाच्या टोकाला शेड उभी दिसतेच. मग एक दिवस कुणीतरी तिथे खुर्ची नेऊन ठेवतं. कुणाला खेळण्यातल्या रेल्वेचं पूर्ण स्टेशन उभारायचं असतं, कुणाला व्हायोलिन बनवायचं असतं, कुणाला रेडिओ दुरुस्त करायचे असतात, कुणाला नुसतं लिहायचं असतं. फावड्यासाठी बांधलेल्या खोलीत माणूस राहायला जातो, आणि तिथून विज्ञान सुरू होतं.

त्या खोलीत हवा किती? गुणाकार केला तर साधारण ९ घनमीटर. ५ अंश सेल्सिअसची हवा घनमीटरमागे फार तर ६.८ ग्रॅम बाष्प बाळगू शकते. म्हणजे हिवाळ्यात ती सगळी शेड काठोकाठ दमट असली तरी तिच्या हवेत पाणी असतं फक्त ६० ग्रॅमच्या आसपास. चहाचा अर्धा कपसुद्धा नाही. आता आत बसलेला माणूस पाहा. तो नुसता बसून राहिला तरी श्वासातून आणि त्वचेतून तासाला साधारण ४० ते ५० ग्रॅम पाणी हवेत सोडतो. तासाभरात त्यानं एकट्यानं खोलीतलं बाष्प जवळपास दुप्पट केलेलं असतं! हीटर लावून हवा २० अंशांवर नेली तर तिची धारणशक्ती घनमीटरमागे १७.३ ग्रॅमपर्यंत वाढते खरी, पण शेड खरोखर हवाबंद असेल तर दोन तासांत तीही भरते. भिंती आणि काच यांना पाझर फुटायला तर एवढाही वेळ लागत नाही, कारण त्या हवेपेक्षा कितीतरी गार असतात.

मोठ्या घरात हे आपल्या लक्षातच येत नाही. घर आपल्यापेक्षा इतकं मोठं असतं की आपला श्वास त्यात कुठल्या कुठे विरून जातो. शेडमध्ये तसं नाही. ती खोली इतकी लहान आहे की आत बसलेला माणूस हेच तिचं हवामान होतं. त्याची ऊब तिला तापवते, त्याचा श्वास तिला भिजवतो. शेड आरामदायी करण्याची सगळी कला या एका वस्तुस्थितीशी जुळवून घेण्याची कला आहे.

आधी उबेचं पाहू, कारण तिथला हिशेब थक्क करणारा आहे. शांत बसलेल्या माणसाच्या शरीरातून सुमारे १०० वॅट उष्णता सतत बाहेर पडत असते. बाहेर ५ अंश आहेत आणि आत २० हवेत असं धरू. नुसत्या फळ्यांच्या शेडच्या भिंती, छत आणि जमीन यांतून सेकंदागणिक जी उष्णता निसटते ती भरून काढायला १,५०० वॅट लागतात. मोठा हीटर अखंड चालू ठेवावा लागेल. आता त्याच भिंतींना, छताला आणि जमिनीला आतून २५ मिलिमीटर जाडीचा चांगला फोमबोर्ड लावा आणि त्यावर प्लायवूड ठोका. गळती उतरते २७० वॅटच्या आसपास. बोर्ड ५० मिलिमीटरचा घेतला तर सुमारे १५० वॅट. १०० मिलिमीटरचा घेतला तर ८०. दारं, खिडक्या आणि आत-बाहेर खेळणारी हवा यांचा हिशेब यात धरलेला नाही, तो वेगळा द्यावा लागतो. तरी आकड्यांचा उतार पाहण्यासारखा आहे. पहिल्याच इंचानं चार-पंचमांश काम केलं. पुढच्या तीन इंचांनी मिळून त्याच्या मानानं फारच थोडं. आणि जिथे दीड हजार वॅट लागत होते तिथे आता माणूस, त्याच्या टेबलावरचा दिवा आणि तापलेली सोल्डरिंगची कांडी यांच्यावर जवळपास भागतं.

हे करतं कोण? हवाच करते. स्थिर हवा ही उष्णतेची फार वाईट वाहक आहे. लाकडाच्या पाचपट वाईट. अडचण एवढीच की हवा स्थिर राहत नाही. तापली की वर चढते, गार झाली की उतरते, आणि जाता-येता उष्णता वाहून नेते. तिला बारीक बारीक कप्प्यांत कोंडलं की तिचा चिकटपणा तिला हलू देत नाही. थर्माकोलमध्ये सुमारे ९८ टक्के हवाच असते. रॉकवूलचे धागे, मेंढीची लोकर, आजीनं जुन्या लुगड्यांची शिवलेली गोधडी, सगळ्यांचं काम एकच: हवेला जागच्या जागी धरून ठेवणं. शेडच्या भिंतीत भरायला दुकानातून आणलेला तो जाडजूड बोर्ड म्हणजे जवळजवळ सगळं काहीच नाही, आणि त्या काहीच-नाहीमुळे खोली उबदार होते.

रोआल्ड डाल यांनी ही गोष्ट आपल्या पद्धतीनं सोडवली होती, आणि त्यांची खोली मला या विषयावरचा सगळ्यात चांगला धडा वाटते. ‘चार्ली अँड द चॉकलेट फॅक्टरी’, ‘मटिल्डा’ लिहिणारे डाल बकिंगहॅमशरमधल्या ग्रेट मिसेंडन गावात राहत. १९५०च्या दशकात त्यांनी घरामागच्या बागेत विटांची एक लहानशी खोली बांधून घेतली. पांढऱ्या भिंती, पिवळं दार. बांधणारे वॉली सॉन्डर्स हे गावातले धिप्पाड गृहस्थ. ‘द बीएफजी’मधल्या प्रेमळ राक्षसाचं रूप डाल यांना त्यांच्यावरूनच सुचलं. वेल्समधल्या लार्न गावी कवी डिलन टॉमस खाडीकाठच्या कड्यावर एका लाकडी शेडमध्ये लिहीत असत. मुळात ते मोटारीचं गॅरेज. डाल यांनी ती शेड पाहिली होती आणि आपली खोली तिच्याच धर्तीवर करवून घेतली.

आत भिंतींना थर्माकोलचे ठोकळे लावलेले होते. सिगारेटच्या धुरानं ते कालांतरानं पिवळे पडले. मधोमध आईची जुनी, उंच पाठीची आरामखुर्ची. दुसऱ्या महायुद्धात, १९४० साली, डाल यांचं विमान उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात कोसळलं होतं आणि पाठीचं दुखणं त्यांना जन्मभर पुरलं. म्हणून त्यांनी खुर्चीच्या पाठीला, कण्याला जिथे दाब येतो तिथे, भोक पाडून घेतलं. खुर्चीच्या दोन हातांवर आडवी टाकलेली फळी, तिच्यावर बिलियर्डच्या टेबलाचं असतं तसं हिरवं कापड, हेच टेबल. पाय ठेवायला ओंडके भरलेली जुनी पेटी, आणि ती पुढे सरकू नये म्हणून खुर्चीच्या पायांना बांधलेली. थंडीत ते कमरेपर्यंत स्लीपिंग बॅगमध्ये शिरून बसत. छताला तारांवर टांगलेला एक विजेचा हीटर होता. बोटं गारठली की तो हातांकडे ओढून घ्यायचा.

या मांडणीकडे जरा बारकाईनं पाहिलं तर ती विक्षिप्त वाटत नाही, शहाणी वाटते. डाल खोली तापवत नव्हते, स्वतःला तापवत होते. स्लीपिंग बॅगमध्ये त्यांच्याच शरीराचे वॅट त्यांच्याच पायांपाशी कोंडलेले. डोक्यावरच्या हीटरची लालबुंद सळई हवेला फारशी तापवत नाही. तिचे किरण थेट बोटांवर पडतात. पाठीला आधार, पायांना टेकण, मांडीवर फळी. साडेसहा फूट उंचीच्या, दुखऱ्या पाठीच्या एका माणसाच्या मापानं शिवलेली ती खोली होती. त्यात त्यांनी तीस वर्षांहून अधिक काळ लिहिलं. १९९० साली ते गेले. खोलीचा आतला भाग, खुर्ची-फळीसकट, आता गावातल्याच त्यांच्या संग्रहालयात आहे. शेड सजवायला निघालेल्या कुणालाही मी आधी हे सांगेन: जागेचं माप घेण्याआधी स्वतःचं घ्या. तुमची पाठ कशी आहे, तुम्ही उभ्यानं काम करता की बसून, गार आधी काय पडतं, हात की पाय?

आता पाण्याकडे परत. उबेसाठी आपण फटी बुजवतो, भिंती भरतो, आणि तिथेच पाणी अडचण करायला लागतं. नुसत्या फळ्यांची गळकी शेड थंड असते, पण फटींतून वारा खेळत असल्यामुळे निदान वाळत तरी राहते. बंदिस्त शेडमध्ये श्वासाचं बाष्प कोंडतं आणि प्लायवूडच्या सांध्यांतून हळूहळू भिंतीत शिरतं. रॉकवूल त्याला अडवत नाही. ते पार करून बाष्प पोचतं बाहेरच्या गार फळीपाशी, आणि खिळ्याच्या टोकावर जे होतं तेच भिंतीच्या पोटात, डोळ्यांआड, होतं. दोन-चार हिवाळ्यांत फळी आतून कुजलेली असते आणि आत बसणाऱ्याला फक्त बुरशीचा वास येत असतो.

म्हणून थंड देशात भिंतीचा क्रम ठरलेला असतो. आतून बाहेर जाताना आधी प्लायवूड, त्याच्या लगेच मागे बाष्प अडवणारं प्लास्टिक, मग उष्णता अडवणारा थर, त्याच्या मागे पाणी अडवणारा पण बाष्प जाऊ देणारा पातळ पडदा, मग हवा खेळायला दोन-तीन सेंटिमीटरची मोकळी फट, आणि शेवटी फळ्या. बाष्पाला उबदार बाजूलाच थोपवायचं, कारण तिथे ते पाणी होऊ शकत नाही. चुकून आत शिरलंच तर बाहेर पडायला वाट ठेवायची. छतालाही हाच क्रम, आणि जमिनीखालीही हवा हवीच: शेड थेट मातीवर टेकवत नाहीत, फरशांवर आडव्या तुळया टाकून तिला अधांतरी ठेवतात.

शेगडीचा मोह मात्र टाळावा. जुन्या शेडमध्ये रॉकेलचा हीटर हमखास असे. एक लिटर रॉकेल जळलं की त्यातल्या हायड्रोजनचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन एक लिटरहून थोडं जास्तच पाणी तयार होतं. आगीतून पाणी! शाळेत रसायनाच्या तासाला हे समीकरण आपण फळ्यावरून उतरवून घेतलेलं असतं. इथे ते खिडकीच्या काचेवरून ओघळताना दिसतं. ज्या खोलीच्या हवेत एकूण ६० ग्रॅम पाणी मावतं तिथे हा हीटर एक लिटर ओततो. गॅसच्या हीटरचंही तसंच. शिवाय बंद खोलीत जळणाऱ्या आगीतून कार्बन मोनॉक्साइड होतो, ज्याला वास नाही, रंग नाही, आणि त्यानं माणसं मरतात. विजेचा हीटर बरा, आणि त्यासाठी शेडपर्यंत जमिनीखालून कवचाची केबल न्यायचं काम जाणत्या वायरमनकडूनच करून घ्यावं.

लाकूडकाम किंवा धातूकाम करणाऱ्यांना ओलीचा आणखी एक अनुभव येतो, आणि तो कळल्यावर मला फार आनंद झाला होता. शेडमधल्या लेथवर, व्हाइसवर, रंध्याच्या पात्यावर गंज चढतो तो कडाक्याच्या थंडीत नव्हे. थंडी सरते, दक्षिणेकडून ऊबदार, ओलसर वारा सुटतो, माणूस खूश होऊन दारं-खिडक्या सताड उघडतो, आणि त्याच दिवशी लेथ भिजते. बाहेरची हवा १२ अंशांवर गेलेली असते, पण लोखंडाचं ते मोठं धूड अजून ४ अंशांवरच असतं. सुखद वारा त्याच्यावरून गेला की दव पडतं. अशा दिवशी दार बंद ठेवायचं आणि लोखंडाला सावकाश तापू द्यायचं, हे जुने कारागीर जाणतात. हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर गेली की लोखंड झपाट्यानं गंजतं. पण ५ अंशांवरची ९० टक्के दमट हवा नुसती १० अंशांवर नेली तर तीच ६५ टक्क्यांवर येते. पाणी एक थेंबही कमी झालेलं नसतं. हवेची तहान वाढलेली असते. म्हणून अवजारांच्या बाकाखाली ६० वॅटचा एक नळीसारखा हीटर रात्रभर चालू ठेवतात, आणि तेवढ्यावर पटाश्या वर्षानुवर्षं लखलखीत राहतात.

उरलं ऊन. जॉर्ज बर्नार्ड शॉ यांची शेड त्यासाठीच बघावी. ज्यांच्या ‘पिग्मॅलियन’वरून पु. ल. देशपांड्यांनी ‘ती फुलराणी’ रचली तेच हे शॉ. हर्टफर्डशरमधल्या एयट सेंट लॉरेन्स या खेड्यात ते १९०६ पासून १९५० साली मृत्यू येईपर्यंत राहिले. बागेच्या टोकाला त्यांची लिहायची लाकडी खोली, सुमारे ८ फूट बाय ८ फूट. आत टंकलेखन यंत्र, वेताची खुर्ची, पडायला लहानसा पलंग, विजेचा हीटर, घराशी बोलायला टेलिफोन. खोलीला त्यांनी नाव ठेवलं होतं ‘लंडन’. नको असलेला पाहुणा आला की घरातली माणसं सांगत, शॉसाहेब लंडनला गेलेत. पण या खोलीची खरी गंमत तिच्या पायात आहे. सगळी खोली फिरत्या बैठकीवर बसवलेली आहे. सूर्य सरकला की बाहेर यायचं, खोलीला खांदा लावून थोडं ढकलायचं, आणि पुन्हा आत जाऊन उन्हात लिहायला बसायचं. क्षयावर औषध सापडलं नव्हतं त्या काळात ऊन आणि मोकळी हवा हाच उपचार असे, आणि आरोग्यधामांच्या बागांतून रुग्णांसाठी अशा फिरत्या खोल्या ठेवत. शॉ यांची खोली त्याच कुळातली.

सूर्य आकाशात तासाला १५ अंश सरकतो. इंग्लंडच्या त्या भागात डिसेंबरच्या २१-२२ तारखेला भर दुपारीही तो क्षितिजापासून जेमतेम १५ अंश वर असतो. पुण्यात त्याच दुपारी ४८ अंशांवर असतो. खिडकीची वरची कड दोन मीटर उंचीवर धरली तर पुण्यात ते ऊन खोलीत पावणेदोन-दोन मीटर आत येईल. इंग्लंडात ते सात मीटर आत जाऊ शकतं, म्हणजे शॉ यांच्या खोलीच्या मागच्या भिंतीवर जाऊन आदळतं. काच ऊन आत येऊ देते, पण तापलेल्या भिंतीतून निघणारी उष्णतेची लांब लहर परत बाहेर सोडत नाही, आणि तापलेली हवाही निसटू देत नाही. निरभ्र दिवशी एक चौरस मीटर काचेतून काहीशे वॅट आत येतात. मघाचा हिशेब आठवा: चांगल्या भरलेल्या शेडला एकूण लागत होते १५०.

खिडकीशी कुणी कसं नातं जोडावं याचा मात्र एक नियम नाही. ससेक्समधल्या रॉडमेल गावी व्हर्जिनिया वुल्फ बागेतल्या अवजारांच्या खोलीत लिहीत. १९३४ साली ती लेखनाची खोली बागेच्या टोकाला नेली आणि तिथून समोर दूरवर टेकड्यांची रांग दिसे. कडाक्याच्या थंडीत त्यांना घरात परतावं लागे. त्या खोलीच्या भिंतींत थर्माकोल नव्हता. टॉमस यांच्यासमोर खाडीचं पसरलेलं पाणी. चित्रकार उत्तरेचा उजेड मागतात, कारण तिकडून थेट ऊन येत नाही आणि रंग दिवसभर सारखे दिसतात. डाल मात्र पडदे ओढून, दिवा लावून बसत. मला यात डाल यांचीच बाजू पटते. देखावा सुंदर असला की डोळे कामावरून उठून तिकडे जातात. पण रंगाचं काम असेल तर पडदा कसा ओढणार?

एका छंदाची शेड या सगळ्याच्या उलट असते, आणि तिचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. हौशी आकाशनिरीक्षक दुर्बिणीसाठी जी शेड बांधतात तिचं छप्पर, काही वेळा सगळी शेडच, रुळांवरून बाजूला सरकते. बीबीसीवर १९५७ पासून २०१२ पर्यंत ‘द स्काय ॲट नाइट’ सादर करणारे पॅट्रिक मूर यांच्या सेल्सीच्या बागेत अशी सरकती शेड होती. तिथे ऊब हा शत्रू. आतली हवा बाहेरच्यापेक्षा दोन-तीन अंशांनी जरी गरम असली तरी ती वर चढताना थरथरते, आणि त्या थरथरीत शनीची कडी विरघळून जातात. त्यामुळे निरीक्षणाच्या बराच आधी शेड उघडून दुर्बिणीला गारठू द्यायचं असतं. तिथला निरीक्षक आराम शोधतो तो खोलीत नाही, आपल्या कोटात आणि मोज्यांत.

आता हे सगळं इंग्लंडमधलं ज्ञान घेऊन कुणी जुलैत रत्नागिरीत गच्चीवर किंवा परसात छंदाची खोली करायला निघालं, तर भिंतीचा तोच क्रम घात करील. बाष्प नेहमी जास्तीकडून कमीकडे जातं. इंग्लंडच्या हिवाळ्यात बाष्प जास्त असतं खोलीच्या आत. ५ अंशांच्या, ९० टक्के दमट हवेतही घनमीटरमागे पाणी असतं सहा ग्रॅम. ती आत घेऊन २० अंशांवर तापवली की तिची आर्द्रता ३५ टक्क्यांवर उतरते. म्हणजे बाहेर पाऊस पडत असताना खिडकी उघडली तर शेड वाळते. रत्नागिरीत जुलैत हवा असते २७ अंशांच्या आसपास. ९० टक्के आर्द्रतेला तिच्यात घनमीटरमागे २३ ग्रॅम पाणी असतं, जवळपास चौपट. इथे खिडकी उघडली की ओल आत येते. एसी लावून खोली २३ अंशांवर नेली तर बाष्प बाहेरून आत रेटा देतं, आणि आतल्या बाजूला लावलेल्या प्लास्टिकच्या मागे जाऊन पाणी होतं, कारण त्या हवेचा दवबिंदूच २५ अंशांवर आहे. तेव्हा एसीच्या खोलीला बाष्प अडवणारा थर हवा बाहेरच्या अंगाला. पत्र्याच्या छताखाली लावायचा फोमबोर्ड इथे जास्त कामाचा ठरतो तो मे महिन्यात, वरच्या तापलेल्या पत्र्याला डोक्यापासून तोडण्यासाठी. आणि पत्र्याच्या वर हातभर उंचीवर सावलीचं दुसरं छत टाकता आलं तर त्याहून उत्तम.

एसी नसेल तर सगळी खोली कोरडी करण्याच्या भानगडीत पडू नये. डाल यांनी केलं तसं करावं, म्हणजे जपायचं तेवढंच जपावं. कॅमेऱ्याच्या भिंगांवर बुरशी चढते, हार्मोनियमच्या पट्ट्या चिकटतात, तबल्याची पुडी ढिली पडते, पटाशीवर तांबूस डाग येतात, तेव्हा या वस्तूंना एका घट्ट दाराच्या कपाटात ठेवून खाली एक लहानसा फिलामेंटचा बल्ब लावून ठेवण्याची जुनी युक्ती पुष्कळ घरांत असे. तो बल्ब पाणी काढत नाही. तो कपाटातली हवा २७ अंशांवरून ३३ वर नेतो, आणि तेवढ्यानं तिची आर्द्रता ९० टक्क्यांवरून ६५ च्या आसपास येते. बुरशीचा जोर तिथे ओसरतो. मात्र बल्ब आणि वस्तू यांत वीतभर अंतर हवं, आणि तबल्याचं चामडं किंवा हार्मोनियमचं लाकूड थेट त्याच्या आचेसमोर नको. एलईडीचा दिवा लावून हे साधत नाही, कारण तो पुरेसा तापतच नाही.